सुपरमार्केटचं स्वस्त पेट्रोल-डिझेल गाडीला चालतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये एकाच रस्त्यावर दोन पंप असतात. एक मोठ्या तेल कंपनीचा, दुसरा सुपरमार्केटच्या आवारातला आणि लिटरमागे काही पेन्सनी स्वस्त. स्वस्त पंपावर नोझल हातात घेतानाच मनात शंका येते की आज वाचलेले पैसे उद्या गॅरेजमध्ये तर जाणार नाहीत? या शंकेभोवती जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

थोडक्यात सांगा, सुपरमार्केटच्या इंधनाने इंजिन खराब होतं का?

नाही. ब्रिटनमध्ये पंपावर विकलं जाणारं पेट्रोल ईएन २२८ आणि डिझेल ईएन ५९० या युरोपियन मानकात बसावंच लागतं, मग पंपावर पाटी कोणाचीही असो. फरक आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी आहे. इंधनात थोड्या मात्रेत मिसळलेल्या जोडद्रव्यांमध्ये, म्हणजे अ‍ॅडिटिव्हमध्ये आणि त्या पंपाच्या जमिनीखालच्या टाकीची निगा कशी राखली जाते यात.

या मानकात नेमकं काय असतं?

ईएन २२८ नुसार साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा, म्हणजे आरओएन, किमान ९५ हवा. गंधक किलोमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. बेन्झीन १ टक्क्याच्या आत हवं. १०० मिलिलिटर पेट्रोल उडून गेल्यावर मागे राहणारा डिंकासारखा चिकटा ५ मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. डिझेलच्या मानकात सीटेन आकडा (डिझेल किती सहज पेट घेतं ते दाखवणारा) किमान ५१, पाणी किलोमागे जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅम, बायोडिझेल जास्तीत जास्त ७ टक्के, शिवाय गाडीतला इंधनाचा पंप आणि इंधन फवारणारे इंजेक्टर झिजू नयेत म्हणून वंगणक्षमतेची अट आहे.

मात्र इंजिन आतून स्वच्छ ठेवणाऱ्या डिटर्जंटची किमान मात्रा युरोपियन मानकात बंधनकारक नाही. पुढचा जवळजवळ सगळा वाद या एका जागेतून निघतो.

तेल तेच असेल तर सुपरमार्केटला स्वस्त विकणं परवडतं कसं?

सुपरमार्केटला गिऱ्हाईक आवारात आणायचं असतं. टाकी भरायला आलेला माणूस आठवड्याचं सामानही घेऊन जातो, त्यामुळे पंपावर नफा कमी घेतला तरी चालतो. खप प्रचंड असतो, जागा आधीच स्वतःची असते, पंपावर माणसं कमी लागतात. तेल कंपनीला ब्रँडची जाहिरात, अ‍ॅडिटिव्हवरचं संशोधन आणि पंप चालवणाऱ्याचं कमिशन हे सगळं लिटरच्या भावातूनच काढावं लागतं.

पण सुपरमार्केट म्हणजे कायम स्वस्तच, असं धरून चालू नका. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने जुलै २०२३ च्या अहवालात दाखवून दिलं की २०१९ ते २०२२ या काळात सुपरमार्केटचा इंधनावरचा सरासरी नफा लिटरमागे ६ पेन्सनी वाढला होता. त्यामुळे पाटी न बघता भाव बघावा.

दोन्ही पंपांवर खरंच एकाच ठिकाणचं पेट्रोल येतं?

बऱ्याचदा, हो. रिफायनरीतून किंवा आयात केलेल्या जहाजातून आलेलं इंधन पाइपलाइनने मोठ्या डेपोत साठवलं जातं. तिथून जवळपासच्या सगळ्या पंपांना टँकर जातात. तेल कंपन्याही आपल्या रिफायनरीचंच तेल देशभर फिरवत बसत नाहीत. आपापसात देवाणघेवाण करतात आणि जो डेपो जवळ पडेल तिथून माल उचलतात.

वेगळेपणा येतो तो टँकर भरताना. भरणीच्या नळीत मोजून अ‍ॅडिटिव्ह सोडलं जातं आणि प्रत्येक कंपनीचं मिश्रण आणि मात्रा आपापली असते. एकाच टाकीतून भरलेल्या दोन टँकरपैकी एकात महागडं डिटर्जंट आणि दुसऱ्यात साधं, असं सहज होतं. प्रमाण असतं दहा लाख भागांत काही शे भाग. म्हणजे ५० लिटरच्या टाकीत चमचा-दोन चमचे. इतक्याने काय होणार, असं वाटणं साहजिक आहे, पण हे काही चमचे प्रत्येक टाकीबरोबर वर्षानुवर्षं इंजिनातून जात राहतात.

अ‍ॅडिटिव्ह इंजिनात नेमकं काय करतं?

पेट्रोल जळताना आणि इंजिन बंद केल्यावर गरम धातूवर सुकताना मागे चिकटा राहतो. तो सिलिंडरमध्ये हवा आत सोडणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला आणि इंजेक्टरच्या टोकावर साठतो. जास्त चाललेल्या गाडीचा इनटेक व्हॉल्व्ह काढून पाहिला की दांड्याभोवती काळा, खडबडीत थर दिसतो. करपलेल्या पातेल्याच्या बुडासारखा. नखाने निघत नाही, खरवडावा लागतो. हा थर स्पंजसारखा वागतो. थंड इंजिन सुरू केलं की फवारलेलं थोडं पेट्रोल तो शोषून घेतो, मिश्रण पातळ होतं आणि गाडी पहिली काही मिनिटं अडखळते, पिकअप घेत नाही.

इंजेक्टरचं दुखणं आणखी बारीक असतं. त्याची भोकं मिलिमीटरच्या काही दशांश भागाएवढी. एकाच्या कडेला थर बसला तरी फवारा तिरका होतो, थेंब मोठे पडतात आणि ते नीट जळत नाहीत.

पेट्रोलच्या डिटर्जंटमध्ये प्रामुख्याने दोन प्रकार वापरतात, पॉलिआयसोब्युटिलीन अमाइन आणि पॉलिइथर अमाइन. रेणूचं एक टोक धातूला आणि चिकट्याला धरतं, दुसरं पेट्रोलमध्ये विरघळून राहतं. त्यामुळे नवा थर बसू देत नाही आणि जुना हळूहळू सुटतो. पॉलिइथर अमाइन जास्त तापमानाला टिकतं, म्हणून टाकीत ओतायच्या साफसफाईच्या द्रव्याच्या बाटल्यांत बऱ्याचदा तेच असतं. याशिवाय गंजरोधक, पाणी वेगळं पाडणारं द्रव्य आणि डिझेलमध्ये फेस न येऊ देणारं द्रव्य मिसळतात.

सुपरमार्केटचं इंधन बिनअ‍ॅडिटिव्हचं असतं, हा समज मात्र चुकीचा आहे. त्यातही अ‍ॅडिटिव्ह असतं. फक्त मात्रा किती आणि दर्जा कोणता हे पाटीवरून ग्राहकाला कळत नाही. आणि खरं सांगायचं तर तेल कंपन्यांच्या साध्या पेट्रोलबाबतही ते आकड्यात कळत नाही.

डिटर्जंटने फरक पडतो याला काही पुरावा आहे का?

आहे. अमेरिकेत पेट्रोलमध्ये डिटर्जंटची किमान मात्रा १९९० च्या दशकापासून कायद्याने ठरलेली आहे. ती अपुरी वाटल्याने २००४ मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी मिळून ‘टॉप टिअर’ नावाचं जास्त कडक मानक काढलं. ट्रिपल ए या तिथल्या वाहनचालकांच्या संघटनेने २०१६ मध्ये दोन्ही प्रकारच्या पेट्रोलची चाचणी घेतली. ४,००० मैल चालवल्याइतक्या वापरानंतर, टॉप टिअर नसलेल्या पेट्रोलने इनटेक व्हॉल्व्हवर सरासरी १९ पट जास्त थर बसवला.

हा आकडा पाहून लोक लगेच म्हणतात, बघा, स्वस्त पेट्रोल वाईट. पण टॉप टिअरच्या यादीत कॉस्टको आहे आणि ती स्वस्त पेट्रोल विकणारी दुकानांची साखळीच आहे. डिटर्जंटने फरक पडतो हे या चाचणीने दाखवलं. महाग पंपावर डिटर्जंट जास्तच असतं, असं तिने दाखवलेलं नाही. या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

माझी गाडी डायरेक्ट इंजेक्शनची आहे. मला काय फायदा?

इंजेक्टर स्वच्छ राहण्यापुरता फायदा आहे, आणि तो महत्त्वाचा आहे, कारण अशा गाडीत इंजेक्टरचं टोक थेट जळत्या सिलिंडरमध्ये असतं. पण इनटेक व्हॉल्व्हसाठी कोणतंही पेट्रोल कामाचं नाही. जुन्या पद्धतीत पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जायचं आणि व्हॉल्व्ह धुतला जायचा. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हला शिवतच नाही. तिथला थर येतो तो क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतून, परत ओढल्या जाणाऱ्या ऑइलच्या वाफेतून आणि ईजीआरच्या, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेच्या, काजळीतून. तो काढायचा तर इनटेक मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीचा हवेच्या दाबाने मारा करावा लागतो. महाग पेट्रोलने हे काम टळेल असं कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. योग्य दर्जाचं ऑइल वेळेवर बदलणं, हाच इथला उपाय.

डिझेलच्या गाडीचं काय?

डिझेलमध्ये अ‍ॅडिटिव्हचं मोल पेट्रोलपेक्षा जास्त आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या, इंजिनात दाब २,००० बारच्या आसपास जातो आणि इंजेक्टरच्या आतल्या फिरत्या भागांमधली फट केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी असते. तिथे साबणासारखा किंवा लाखेसारखा पातळ थर बसला तरी सुई उशिरा उघडते, कधी अडकते. लक्षणं म्हणजे थंडीत सुरू करताना खडखड, न्यूट्रलमध्ये असमान ठोके, धूर आणि डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, वारंवार भरणं.

रोज लांब पल्ला मारणाऱ्या डिझेल गाडीला सुपरमार्केटचं डिझेल खुशाल भरा. गाडी नुसती दोन-तीन मैलांच्या फेऱ्या मारत असेल तर अधूनमधून एखादी टाकी जास्त डिटर्जंटच्या प्रीमियम डिझेलची भरणं शहाणपणाचं. अर्थात अशा वापरात डिझेल गाडी घेणंच मुळात चूक असते, कारण डीपीएफ जळून साफ व्हायला लागणारी उष्णता तिला मिळतच नाही आणि ती कमतरता कोणतंही डिझेल भरून काढत नाही.

हिवाळ्याची एक गोष्ट सुपरमार्केटच्या बाजूने जाते. ब्रिटनमध्ये १६ नोव्हेंबर ते १५ मार्च या काळात उणे १५ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहू शकेल असं हिवाळी डिझेल विकलं जातं. उन्हाळी डिझेलची मर्यादा उणे ५. सुपरमार्केटच्या टाकीतला माल झपाट्याने संपतो, त्यामुळे तिथे हंगाम बदलला की डिझेलही बदललेलं असतं. आडबाजूच्या, कमी खपाच्या पंपावर पहिल्या कडाक्याच्या थंडीत जुन्या मालाचा शिल्लक भाग मिळू शकतो.

९७ किंवा ९९ ऑक्टेनचं पेट्रोल साध्या गाडीत भरलं तर ताकद वाढते का?

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ताकद नव्हे. दाबाखाली आपोआप पेट न घेण्याची ती क्षमता आहे. ज्या इंजिनाची जुळणी ९५ साठी केली आहे, त्याला ९९ देऊन हाती काही लागत नाही.

टाकीच्या झाकणामागे काय लिहिलंय ते वाचा. ‘९५’ असेल तर ९५ पुरे. ‘९८ शिफारस, किमान ९५’ असं असेल तर ९५ वर नॉक सेन्सर, म्हणजे पेट्रोलने आपोआप पेट घेतल्याचे धक्के ओळखणारा सेन्सर, ठिणगी थोडी उशिरा पाडायला लावतो. इंजिन सुरक्षित राहतं, चढावर किंवा पूर्ण भारात थोडी ताकद कमी होते. ‘किमान ९८’ असेल तर मात्र ९५ भरू नका. नाइलाजाने भरावंच लागलं तर इंजिनावर जोर न टाकता चालवा आणि पुढच्या टाकीला योग्य ग्रेड भरा. आणि हो, ९९ ऑक्टेनसाठी तेल कंपनीकडेच जावं लागतं असं नाही. टेस्कोसारख्या सुपरमार्केटने ९९ चं पेट्रोल विकलेलं आहे.

ई१० मुळे त्रास होतो, तो सुपरमार्केटचा दोष ना?

नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं ९५ चं पेट्रोल ई१० आहे, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते जवळजवळ सगळ्याच पंपांवर आहे. नोझलवर गोल चिन्हात ई१० किंवा ई५ (५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल) असं लिहिलेलं असतं. डिझेलचं चिन्ह चौकोनी, त्यात बी७, म्हणजे ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल.

२०११ पासूनच्या नव्या गाड्यांना ई१० चालतंच. त्याआधीच्या बहुतेकांनाही चालतं, पण सरकारी संकेतस्थळावर मॉडेल टाकून खात्री करून घ्या. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत रबरी नळ्या फुगतात, चिरतात आणि फायबरग्लासची टाकी नरम पडते. अशा गाडीला ९७ किंवा त्याहून वरच्या ऑक्टेनचं ई५ हवं, आणि ते सुपरमार्केटमध्ये मिळत असेल तर तिथूनच घेणं स्वस्त पडतं. चुकून एकदा ई१० भरलं गेलं म्हणून टाकी रिकामी करायची गरज नाही. पुढच्या वेळी ई५ भरा.

सुपरमार्केटचं पेट्रोल भरलं की माझी गाडी अ‍ॅव्हरेज कमी देते. हा भास आहे का?

भास असेलच असं नाही, पण कारण बहुधा पंप नसतो. मानकात पेट्रोलची घनता घनमीटरला ७२० ते ७७५ किलो इतकी सैल ठेवली आहे. हलक्या मालात लिटरमागे ऊर्जा कमी. हिवाळ्यात गाडी थंडीत पेटावी म्हणून ब्युटेनसारखे हलके घटक वाढवतात, तेव्हा अ‍ॅव्हरेज सगळीकडेच घसरतं. त्यात थंड इंजिन, हीटर आणि टायरमधली कमी झालेली हवा यांची भर पडते.

खरं पाहायचं असेल तर असं मोजा. एकाच पंपावर, त्याच नोझलने, पहिल्या ‘खट्’ आवाजापर्यंत टाकी भरा आणि मैल लिहून ठेवा. टाकी संपत आली की पुन्हा तशीच भरा. मैलांना भरलेल्या लिटरने भागा आणि ४.५४६ ने गुणा, गॅलनमागे मैल मिळतील. उदाहरणार्थ ३८० मैल आणि ४३.२ लिटर म्हणजे जवळपास ४०. एक टाकी सुपरमार्केटची, एक ब्रँडची, असं आलटून-पालटून प्रत्येकी किमान तीन टाक्या मोजा. आधी तिन्ही या पंपाच्या आणि मग तिन्ही त्या पंपाच्या भरल्या तर मधल्या काळात हवामान बदलतं आणि तुम्ही हवामानच मोजता. डॅशबोर्डवरचा आकडा या कामाला धरू नका.

स्वस्त पंपासाठी लांब जाणं परवडतं का?

गणित करून पाहा. गॅलनला ४० मैल देणारी गाडी ५ मैल लांबच्या पंपावर नेऊन परत आणली, तर १० मैलांत सुमारे १.१४ लिटर पेट्रोल जळतं. भाव १४० पेन्स धरला तर १६० पेन्स गेले. लिटरमागे ४ पेन्स वाचत असतील आणि ४० लिटर भरलं, तर वाचले तेही १६०. म्हणजे फायदा शून्य, वर वेळ गेला. वाटेवर असेल तरच जा.

प्रीमियमचा हिशेबही असाच. लिटरमागे १० टक्के जास्त भाव असेल तर अ‍ॅव्हरेज १० टक्क्यांनी वाढलं तरच तो खर्च वसूल होतो, आणि ९५ साठी बनलेल्या इंजिनात तसं होत नाही.

मग २००७ मध्ये सुपरमार्केटच्या पेट्रोलने गाड्या बंद पडल्या होत्या, ते?

ती घटना खरी आहे. २००७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इंग्लंडच्या आग्नेय भागात हजारो गाड्या झटके खाऊ लागल्या, ताकद गेली, इंजिनाचा दिवा लागला. पेट्रोलमध्ये सिलिकॉन मिसळलं गेलं होतं. ते जळून त्याची सिलिका ऑक्सिजन सेन्सरवर बसली, सेन्सर आंधळा झाला आणि इंजिनाचा कॉम्प्युटर चुकीचं मिश्रण देऊ लागला. सुरुवातीच्या तपासणीत पेट्रोल मानकात बसत होतं, कारण नेहमीच्या चाचण्यांत सिलिकॉन शोधलंच जात नव्हतं.

हा माल एसेक्समधल्या डेपोतून आला होता. बिघाड पंपापर्यंत पोहोचण्याआधीच, साठवण आणि वाहतुकीच्या साखळीत झाला होता. अशी साखळी ब्रँडच्या पंपांनाही लागू आहे, त्यामुळे या घटनेवरून सुपरमार्केटचं रोजचं पेट्रोल हलकं ठरत नाही.

टँकर खाली होत असताना भरू नये म्हणतात, खरं का?

टाकीच्या तळाचा गाळ ढवळला जातो, हे खरं. पण उपसण्याची नळी तळापासून वर असते आणि पंपात फिल्टर असतो. घाई नसेल तर दुसरीकडे भरा, असेल तर काळजी नको.

पंपाची निगा बरी आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

नोझल नेहमीपेक्षा फार हळू ओतत असेल तर पंपाचा फिल्टर तुंबलेला असू शकतो. जमिनीतल्या टाक्यांच्या झाकणांभोवती पाण्याचं डबकं साचलं असेल तर मुसळधार पावसानंतर एक-दोन दिवस तो पंप टाळा. आणि ज्या पंपावर गर्दी असते तिथे माल ताजा असतो. हा साधा नियम बहुतेक वेळा सुपरमार्केटच्या बाजूनेच जातो.

पाण्याला घाबरायला हवं, कारण ई१० पेट्रोल पाणी शोषतं. १५ अंशांच्या आसपास साधारण अर्धा टक्का, म्हणजे ५० लिटरमध्ये पाव लिटर पाणी, इतपत ते विरघळवून ठेवतं. त्यापलीकडे इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात. काचेच्या बरणीत असं पेट्रोल घेऊन अर्धा तास ठेवलं की वर स्वच्छ पिवळसर, खाली गढूळ आणि मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ दिसते. गाडीचा पंप तळातूनच ओढतो, म्हणून इंजिनाला आधी तेच मिळतं.

खराब इंधन भरलं गेल्याची शंका आली तर काय करायचं?

पंप सोडल्यावर काही मैलांतच इंजिन झटके देऊ लागलं किंवा बंद पडलं, तर गाडी सुरक्षित जागी उभी करा आणि पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. डिझेलच्या गाडीत तर अजिबात नको. पाण्याने किंवा चुकून भरलेल्या पेट्रोलने उच्च दाबाचा पंप कोरडा घासतो, त्याचा धातूचा भुगा इंजेक्टरपर्यंत जातो आणि साध्या टाकी-सफाईचं काम पूर्ण इंधनयंत्रणा बदलण्यावर जातं.

पावती जपा. नसेल तर कार्डाचा व्यवहार शोधा. तारीख, वेळ आणि पंपाचा क्रमांक लिहून ठेवा. मेकॅनिकला टाकीतून लिटरभर नमुना काढून स्वच्छ धातूच्या डब्यात किंवा गडद काचेच्या बाटलीत सीलबंद ठेवायला सांगा. थंडपेयाची प्लॅस्टिकची बाटली नको. बदललेले भाग फेकू देऊ नका आणि बिघाड इंधनामुळेच झाला, असं लेखी घ्या. नुसतं ‘इंजेक्टर खराब’ एवढं लिहिलेलं बिल दाव्यात टिकत नाही.

२०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार विकलेला माल समाधानकारक दर्जाचा असावा लागतो, आणि इंधन हाही मालच. आधी पंपचालकाकडे लेखी तक्रार करा. ग्राहकांना सल्ला देणाऱ्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या ग्राहक सेवेमार्फत ती ट्रेडिंग स्टँडर्ड्स या ग्राहक-कायदे पाळले जातात का ते बघणाऱ्या सरकारी विभागाकडेही पोहोचते. त्याच दिवशी त्याच पंपाच्या आणखी तक्रारी आल्या असतील तर तुमची बाजू भक्कम होते.

स्वस्त पेट्रोल भरून वर साफसफाईची बाटली टाकली तर?

पॉलिइथर अमाइन असलेली बाटली पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या मागे पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीत खरंच काम करते. लेबलवर दिलेल्या मात्रेपेक्षा जास्त टाकू नका आणि दर टाकीला तर नकोच. ऑइल बदलण्याच्या आधीच्या टाकीला वापरा, कारण थोडं द्रव्य पिस्टनच्या कडेने ऑइलमध्ये उतरतं. गाडी नीट चालत असेल तर या बाटलीची गरज नाही.

वॉरंटी जाते का? आणि दोन पंपांचं इंधन मिसळलं तर?

वॉरंटीत ब्रँडची अट नसते. गाडीच्या पुस्तिकेत ईएन २२८ किंवा ईएन ५९० आणि लागणारा ऑक्टेन आकडा दिलेला असतो. तो पाळला की झालं. मिसळायलाही हरकत नाही. अर्ध्या टाकीत सुपरमार्केटचं आणि अर्ध्या टाकीत ब्रँडचं असेल तर डिटर्जंटची मात्रा मधली पडते, एवढंच.